वारसावाटा (भाग ६) : मूडबिद्रीच्या जोत्यावरचा जिराफ

बंगळुरूहून रात्रीच्या बसने निघालेला प्रवासी शिराडी घाट उतरून पहाटे किनारपट्टीत शिरतो. उडुपीचा कृष्ण, धर्मस्थळ, मंगळुरूचा समुद्र ही त्याची यादी ठरलेली असते. मूडबिद्री तेवढी वाटेतच राहून जाते. तुळुनाडूचा म्हणजे या किनारी भागाचा इतिहास एका दिवसात, पायी फिरून समजून घ्यायचा असेल तर उतरावे ते याच गावी.

मंगळुरूपासून मूडबिद्री साधारण ३५ किलोमीटर आत आहे. इथून समुद्र दिसत नाही, पण गाव श्रीमंत झाले ते समुद्रामुळेच. या भागातली मिरी बंदरांवर जाई आणि व्यापारातला पैसा जैन श्रेष्ठींच्या हातून मंदिरांत उतरे. गावात १८ बसदी म्हणजे जैन मंदिरे आहेत. म्हणूनच मूडबिद्रीला जैन काशी म्हणतात.

फेरीची सुरुवात हजार खांबांच्या बसदीपासून करावी. १४३० मध्ये उभारलेली ही तीनमजली वास्तू. खाली घडीव दगड, वर लाकूडकाम आणि धो धो पावसाचे पाणी झटकन ओघळावे म्हणून उतरती छपरे. खांबांवरचे कोरीवकाम पाहताना मान वरच राहते. पण पुढच्या भैरादेवी मंडपापाशी नजर मुद्दाम खाली, जोत्यावर न्यावी. तिथल्या शिल्पपट्टीत लांब मानेचा जिराफ आहे आणि चिनी धाटणीचा ड्रॅगनही! भारतीय रानात जिराफ कधीच नव्हता. पण पंधराव्या शतकात त्याची ख्याती समुद्रमार्गे दूरवर पोहोचली होती. १४१४ मध्ये बंगालच्या सुलतानाने चीनच्या मिंग दरबाराला जिराफ नजर केला होता. १४०५ ते १४३३ या काळात याच दरबाराचा नौदलप्रमुख झेंग हे याची चिनी गलबते मलबार किनाऱ्यावर येत होती. मूडबिद्रीच्या शिल्पकाराने जिराफ स्वतः पाहिला की नुसता ऐकला, ते दगड सांगत नाही. पण त्याचे जग गावच्या वेशीपाशी संपत नव्हते, हे नक्की.

तिथून चौटा राजघराण्याच्या वाड्याकडे वळावे. पोर्तुगीजांशी झुंजलेली उल्लाळची राणी अब्बक्का याच घराण्यातली. वाड्यातल्या लाकडी खांबांवर नऊ स्त्रियांच्या देहांतून साकारलेला हत्ती आणि पाच स्त्रियांचा घोडा आहे. कोणाचा हात कुठे संपतो आणि सोंड कुठे सुरू होते, हे शोधण्यात वेळ कसा जातो कळत नाही. वाडा खासगी आहे. विचारूनच आत जावे.

मराठी वाचकाला जवळचा धागा मात्र ताडपत्रांत आहे. ‘षट्खंडागम’ या प्राचीन जैन ग्रंथाच्या ‘धवला’ टीकेच्या जुन्या कन्नड लिपीतल्या प्रती मूडबिद्रीने शतकानुशतके जपल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी त्या उतरवून घेण्यासाठी पुढाकार घेतला. पुढे डॉ. हिरालाल जैन यांनी संपादलेला पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला.

या फेरीसाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा, सकाळी लवकर सुरुवात करावी आणि बसदीत छायाचित्रे घेण्याआधी परवानगी विचारावी. पुढच्या आठवड्यात कार्कळ : १४३२ मध्ये टेकडीवर उभा राहिलेला ४२ फुटी बाहुबली.