बेनाव वादळाचा माग

ताशी सुमारे ६२ किलोमीटर वेगाचा वारा असल्याशिवाय भारतीय हवामान विभाग वादळाला नाव देत नाही. त्यामुळे बंगालच्या उपसागरात उपजून १३ ऑक्टोबर २०२० रोजी काकीनाड्याजवळ किनारा ओलांडणारी प्रणाली अतितीव्र कमी दाबाचे क्षेत्र, म्हणजे चक्रीवादळाच्या खालची पायरी, एवढीच ओळखली गेली. समुद्राची वाफ तुटली की अशी प्रणाली सहसा जमिनीवर विरते. ही मात्र क्षीण होत तेलंगणामार्गे पश्चिमेकडे सरकली आणि १४ ऑक्टोबरला बारामती-इंदापूर या पर्जन्यछायेतल्या, म्हणजे सह्याद्रीने मोसमी पाऊस अडवलेल्या, तालुक्यांत मुसळधार कोसळली. वर्गवारी वाऱ्यावरून ठरते, पावसावरून नव्हे, ही तिची मोठीच उणीव होय, कारण किनाऱ्यापासून दूरच्या शेतकऱ्याचे नुकसान मुख्यतः पाणीच करते.