जुना अँप्लिफायर : घेण्याआधी आणि उघडल्यावर

सत्तर-ऐंशीच्या दशकांत रत्नागिरी-रायगडकडची आपली मंडळी कुवेत, दुबई, बहरीनला कमवायला गेली आणि सुट्टीवर येताना सॅन्सुई, पायोनियर, आकाई असे जपानी स्टिरिओ संच घेऊन आली. त्यांतले कित्येक अँप्लिफायर आता माळ्यावरून उतरून भंगारवाल्याकडे, नाहीतर मुंबईच्या मटन स्ट्रीटवर जुन्या मालाच्या दुकानात येतात. शौकीन गिऱ्हाईक त्यांना बरे मोल देते. म्हणून आपले काही कारागीर बांधव या कामात उतरले आहेत. पण "चालू आहे भाई" एवढ्या बोलीवर घेतलेला संच दुकानात आणून थेट प्लगला लावायचा आणि धूर निघाला की नशिबाला दोष द्यायचा, हा प्रकार आम्ही वारंवार पाहतो. यात भांडवल तर जातेच, कधी हातही भाजतो.

पहिली गोष्ट व्होल्टेजची. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते. तिथल्या बाजारासाठी बनलेला संच आपल्या २३० व्होल्टवर लावला तर क्षणात कामातून जातो. परदेशी विक्रीसाठी बनलेल्या बहुतेक संचांना मागे व्होल्टेज बदलण्याची चकती असते. ती ११० वर आहे की २२०-२४० वर, हे आधी पाहावे. मागच्या पट्टीवर फक्त १०० व्होल्ट लिहिले असेल तर त्याला पुरेशा वॅटचा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल आणि त्याची किंमत खरेदीत धरावी लागेल. फ्यूजही काढून पाहावा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा चांदीचा कागद गुंडाळलेला दिसला तर समजावे की हा संच फ्यूज उडवत होता आणि कोणीतरी आजार झाकला आहे.

दुसरी गोष्ट सिरीज बोर्डाची. १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब फेजच्या वायरमध्ये सिरीजमध्ये जोडावा आणि संच त्यातूनच चालू करावा. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही. बल्ब एकदा भक्कन पेटून मंद झाला तर ठीक; कॅपॅसिटर भरले असा त्याचा अर्थ. पूर्ण तेजाने पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे. अशा वेळी सगळा भार बल्ब घेतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. थोड्या खर्चाचा हा बोर्ड ज्याच्या टेबलावर नाही त्याने जुन्या संचाला हात लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संच उघडण्यापूर्वी प्लग काढावा. तरीही मोठ्या फिल्टर कॅपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून ते रिकामे करण्याची आपल्याकडे सवय आहे, ती सोडावी. ४७० ओम, ५ वॅटचा रेझिस्टन्स दोन टोकांना लावून धरला की १०,००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर अर्ध्या मिनिटात रिकामा होतो. मीटरने खात्री करावी आणि मगच बोट आत घालावे.

आता आत काय पाहायचे? डोके फुगलेले कॅपॅसिटर आणि काळे पडलेले रेझिस्टन्स तर दिसतातच. त्या काळच्या जपानी संचांत भाग बसवण्यासाठी वापरलेला पिवळसर गोंद मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. जुना झाला की तो तपकिरी होतो, शेजारच्या भागांचे पाय खातो आणि त्यातून वीजही झिरपू लागते. तो हलक्या हाताने खरवडून काढावा. कोकणातून आलेल्या संचात दमट हवेने स्विचचे चांदीचे संपर्क काळे पडलेले असतात, आणि उंदराचे घरटे तर आम्हाला एकाहून अधिक वेळा मिळाले आहे.

स्पीकर लगेच जोडू नये. आधी स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर डीसीवर ठेवून मोजावे. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर चांगले. कित्येक व्होल्ट दिसत असतील तर आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असण्याचा मोठा संभव आहे, आणि तो डीसी स्पीकरची कॉइल जाळून टाकतो. अनेक संचांत चालू केल्यावर काही सेकंदांनी 'खट्' असा रिलेचा आवाज येतो. आवाज आला नाही तर संच स्वतःला आणि स्पीकरला वाचवतो आहे असे धरावे. बल्बमधून कमी व्होल्टेज मिळत असतानाही रिले कधी लागत नाही, तेवढे मात्र ध्यानात ठेवावे. काही कारागीर सरळ रिलेला तार मारून देतात. गिऱ्हाइकाचे महागडे स्पीकर जळाले की मग भरपाई कोण देणार?

दोषाची जागा शोधायला महागडी यंत्रे लागतातच असे नाही. एका बाजूचा आवाज गेला असेल तर मागे डाव्या-उजव्या इनपुटच्या पिना अदलाबदल कराव्यात. दोष दुसऱ्या स्पीकरकडे गेला तर तो बाहेरच्या संचात किंवा वायरमध्ये आहे. जागचा हलला नाही तर अँप्लिफायर किंवा स्पीकर तपासावा. दोन्हीकडे सतत घुंऽऽ असा आवाज असेल, व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही कमी होत नसेल, तर फिल्टर कॅपॅसिटर सुकलेला असण्याचा संभव जास्त. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढे किंवा जास्त, आणि उणे-अधिक टोके बरोबर. खरखर बहुधा व्हॉल्यूमच्या पॉटची किंवा स्विचची असते. त्यात खास कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बटण वीस-पंचवीस वेळा फिरवावे. शिवणयंत्राचे तेल घालू नये, त्यावर धूळ बसते.

आणि टेप मॉनिटरचे बटण! ते दाबलेले असेल आणि मागे टेप जोडलेला नसेल तर संच ठणठणीत असून मुका राहतो. एका गृहस्थाने असाच संच "मेला" म्हणून भंगाराच्या भावात दिलेला आम्ही पाहिला. घेणाऱ्याने दुकानाबाहेर पडण्यापूर्वी बटण सोडले असेल, एवढेच आम्ही म्हणू.

आउटपुट ट्रान्झिस्टर जळला असेल तर जोडीने बदलावा. ड्रायव्हर आणि एमिटरचे रेझिस्टन्सही तपासावेत, नाहीतर नवा भाग सेकंदात जातो. जुना अभ्रकाचा तुकडा फाटला असेल तर नवा घालावा आणि हीट सिंक कंपाउंड लावावे. लॅमिंग्टन रोडवर भाग घेताना सावध राहावे. स्वस्त ट्रान्झिस्टरवर नामांकित कंपनीचे नाव छापून विकणे हा जगभरचा रोग आहे. अक्षरे पुसून पुन्हा छापलेली वाटली, किंवा भाव अगदीच कमी सांगितला, तर दुकान बदलावे. त्यानंतर बायस लावावा : ०.४७ ओमच्या एमिटर रेझिस्टन्सवर १० मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे २१ मिलिअँपिअर. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. पंधरा मिनिटे संच तापू द्यावा आणि पुन्हा मोजावे.

विकताना मालातला ऐब सांगणे आपल्यावर बंधनकारक आहे. तो लपवला असेल तर खरेदीदाराला माल परत करण्याचा हक्क राहतो. फिक्हमध्ये त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. म्हणून पावतीवर कोणता भाग बदलला, कोणता मूळचा नाही, कोणती बाजू किंचित खरखरते हे लिहून द्यावे आणि काढलेले भाग पिशवीत घालून सोबत द्यावेत. असे केल्याने भाव पडतो ही भीती आम्हालाही होती. प्रत्यक्षात शौकीन गिऱ्हाईक ती पिशवी पाहूनच घासाघीस थांबवते. हिशेब मात्र प्रामाणिकपणे स्वतःशीही करावा : खरेदी, भाग, स्टेपडाऊन आणि दोन दिवसांची मजुरी धरून काही उरत नसेल तर तो संच सुट्या भागांसाठी ठेवलेला बरा.

व्हॉल्व्हच्या संचांबद्दल इथे लिहिलेले नाही. तिथे ३००-४०० व्होल्टचा डीसी असतो, आणि जाणत्या उस्तादाच्या शेजारी बसून शिकल्याखेरीज त्याचे झाकण काढू नये.