थांब, तांब्या खाली ठेव!

दोस्ता, दारात पाहुणा आला की आपण सगळ्यात आधी काय देतो? बरोब्बर! पाण्याचा तांब्या! चहा, गप्पा सगळं नंतर.

आता चल माझ्याबरोबर वडनेर भोलजीला. बुलढाणा जिल्ह्यातलं, नांदुरा तालुक्यातलं हे गाव. इथून मोठा महामार्ग जातो. एकीकडं मलकापूर, दुसरीकडं नांदुरा. तोच नांदुरा, जिथं 105 फुटी मारुती उभा आहे! दिवसरात्र ट्रक धडधडत असतात.

समज, इथं कुणाची मोटारसायकल घसरली. माणूस पडला. डोळे मिटलेले. लोक धावत येतात आणि कुणीतरी ओरडतं, "अरे, पानी पाजा त्याले!"

किती माया आहे त्या हाकेत! पण तेच पाणी त्या माणसाचा घात करू शकतं. हो, साधं, स्वच्छ पाणी!

कसं? तुझ्याच गळ्याला विचारू. तोंडात घास किंवा पाणी काही नको हं. गळ्यावर हलकेच बोट ठेव आणि आवंढा गिळ. काहीतरी टुणकन वर जाऊन खाली आलं ना? ते तुझं स्वरयंत्र! आता गिळता गिळता श्वास घेऊन बघ. जमलं? नाहीच जमणार!

कारण गळ्यात दोन नळ्या शेजारी शेजारी आहेत. पुढं श्वासनलिका, मागं अन्ननलिका. आणि वर एक इवलीशी झडप! शाळेच्या फाटकावरच्या शिपाईकाकांसारखी. घास आला की काका श्वासाचं फाटक झटकन बंद करतात. चुकून एखादा थेंब आत शिरलाच, तर त्याला हाकलून लावतात. त्यालाच आपण ठसका म्हणतो!

पण माणूस बेशुद्ध झाला, की काकाही झोपतात. पाणी सरळ फुप्फुसात! ठसकासुद्धा लागेलच असं नाही.

बरं, जखमी माणूस शुद्धीवर असेल तर? तरीही नको. कदाचित त्याचं ऑपरेशन करावं लागेल. भूल देताना पोट रिकामं असलेलं बरं. नाहीतर पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याला तहान लागलेली असते, आपला जीव तुटतो, पण तांब्या खालीच ठेवायचा.

आता दुसरी चूक. "उचला रे, बसवा त्याला!"

ओळख पाहू, तुझ्या मानेत मणके किती? सात! आणि जिराफाच्या मानेत? सातच! उंदराच्या? तेही सात! आहे की नाही कमाल!

माळेतल्या मण्यांसारखे हे मणके, आणि त्यांच्या मधून जातो मज्जारज्जू. जवळपास तुझ्या करंगळीएवढा जाड. मेंदूचे सगळे निरोप त्यातूनच हातापायांना जातात. पडल्यावर एखादा मणका मोडला असेल आणि आपण दंड धरून त्या माणसाला ओढलं, तर मान लटपटते. मोडका तुकडा मज्जारज्जूत रुतू शकतो. मग पाय कायमचे लुळे पडू शकतात! म्हणून आग लागण्यासारखा धोका नसेल, तर त्याला हलवायचं नाही.

मग काय, नुसतं बघत राहायचं? छे! मोठ्या माणसांनी डोक्यावर सावली धरायची. रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं. "आम्ही आहोत, हलू नका," असं सांगत राहायचं. काही मोठी माणसं पोलिसांच्या भीतीनं मागं सरतात. त्यांना सांग, 2019 मध्ये कायद्यात बदल झालाय! मदत करणाऱ्यावर स्वतःचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

आणि तू? तू रस्त्यावर पाऊलही टाकायचं नाही. तुझं काम 108 ला फोन लावायचं. 108 ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून आहे आणि फुकट येते.

पण फोनवर नुसतं "वडनेरला या" म्हणू नको हं! का, माहीत आहे? वर्धा जिल्ह्यात एक वडनेर आहे. अमरावती जिल्ह्यात वडनेर गंगाई. नाशिक जिल्ह्यात वडनेर भैरव. फोनच्या पलीकडच्या ताईंना कसं कळणार, यातलं तुझं कोणतं?

चल, आत्ताच मोठ्यानं म्हणून बघ: "वडनेर भोलजी, तालुका नांदुरा, जिल्हा बुलढाणा. महामार्गावर, मलकापूरच्या बाजूला. एक माणूस, बेशुद्ध, श्वास चालू आहे."

झालं पाठ? आणि ताई म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही!