कमरेचा कोयता आणि घटनेतली कृपाण

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात सकाळी घराबाहेर पडणारा वारली, कोकणा, ठाकूर किंवा महादेव कोळी गडी बहुधा कमरेला कोयता लावूनच निघतो. कमरेच्या दोरीला मागच्या बाजूला आकडी असते. तिच्या खाचेत पातं सरकवलं की मूठ हाताला आयती सापडते आणि चढणीवर, झाडावर दोन्ही हात मोकळे राहतात. नागली, वरई, भात यांच्या रोपासाठी राब भाजायचा तर आधी ऐनाच्या फांद्या तोडाव्या लागतात. वईला काटेरी फांद्या, चुलीला सरपण, टोपलीला बांबू, पावसाळ्यात पायवाटेवर वाढलेलं रान, सगळ्याला एकच हत्यार. पात्याला पाणी नीट दिलेलं असलं तर एक कोयता वर्षानुवर्षं चालतो.

हाच गडी हंगाम संपल्यावर नाशिककडच्या द्राक्षबागांत किंवा भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला निघतो, तेव्हा मात्र त्याच कोयत्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं. शहरांतल्या बातम्यांत ‘कोयता गँग’ हे शब्द रुळल्यापासून ही नजर जास्तच कडक झाली आहे. मग ठरलेला वाद सुरू होतो. ‘शिखांना कृपाण चालते, मग आम्हाला कोयता का नाही?’ असं एक म्हणतो, ‘कायदा सगळ्यांना सारखा, पातं ते पातं’ असं दुसरा सुनावतो. दोघांच्याही बोलण्यात बरेच गैरसमज आहेत आणि त्यांची किंमत गरीब माणूस मोजतो, म्हणून ते एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज : नऊ इंचांहून मोठं पातं जवळ असणं हाच गुन्हा

हा समज सगळ्यात जास्त पसरलेला आहे. नऊ इंचांचा आकडा खरा आहे, पण त्याच्या पुढेमागे काय लिहिलंय ते कोणी सांगत नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 2 मध्ये ‘शस्त्र’ कशाला म्हणायचं ते दिलं आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून बनवलेली वा तशी रूपांतरित केलेली वस्तू म्हणजे शस्त्र. त्याच व्याख्येत पुढे म्हटलं आहे की, केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू त्यात धरायच्या नाहीत. लाठी आणि साधी हातकाठी ही उदाहरणंही दिली आहेत. 2016 च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांचा वर्ग आहे, आणि तिथेही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक कामाची अवजारं वगळली आहेत.

तिसरी गोष्टही महत्त्वाची. बंदुकीला परवाना सगळीकडे लागतो, पण धारदार शस्त्र बाळगायला परवान्याची अट कलम 4 नुसार केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या क्षेत्रातच आणि अधिसूचनेत सांगितलेल्या प्रकारच्या शस्त्रांनाच लागू होते. पोलीस ठाण्याच्या कागदावर ‘4/25’ असं लिहिलेलं दिसतं, त्यातला 4 हाच, आणि 25 हे शिक्षेचं कलम. म्हणजे इंच मोजण्याआधी दोन प्रश्न सुटायला हवेत : ही वस्तू मुळात शस्त्र आहे का, आणि या भागात या शस्त्राला परवाना लागतो का?

यावरून ‘कोयता कधीच शस्त्र होत नाही’ असा उलटा निष्कर्षही काढू नये. तलवारीसारखं लांबवून, दोन्हीकडून धार लावून घेतलेल्या पात्याला शेतीचं अवजार म्हणवून घेता येणार नाही. आणि साधा कोयता माणसावर उगारून जखम केली, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 118 आहेच. घातक हत्यारानं दुखापत केली की ते हत्यार स्वयंपाकघरातलं होतं की शेतातलं, हे तिथे विचारलं जात नाही.

गैरसमज : शिखांना कुठलंही शस्त्र कुठेही नेता येतं

राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 ला जोडलेल्या पहिल्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की, कृपाण धारण करणं आणि बाळगणं हे शीख धर्म मानण्यात समाविष्ट आहे असं समजलं जाईल. 1699 च्या वैशाखीला आनंदपूरला खालसा पंथाची स्थापना झाली. अमृत घेतलेला शीख केस, कंगवा, कडं, कच्छा यांच्यासोबत कृपाण बाळगतो. खांद्यावरून आडव्या येणाऱ्या गातऱ्यात ती अडकवलेली असते. नांदेडला तख्त सचखंड हुजूर साहिबच्या परिसरात ती पदोपदी दिसते आणि तिथल्या मराठी दुकानदाराला त्यात काही वावगं वाटत नाही.

पण अनुच्छेद 25 सुरू होतो तोच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. शिवाय तिथे नाव कृपाणीचं आहे, सरसकट सगळ्या शस्त्रांचं नाही. विमानातला नियम तर मापातच बांधलेला आहे. देशातल्या देशात उडणाऱ्या भारतीय विमानातून शीख प्रवाशाला कृपाण जवळ ठेवता येते, मात्र पातं सहा इंचांपर्यंत आणि मुठीसकट एकूण लांबी नऊ इंचांपर्यंतच. मार्च 2022 मध्ये नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोच्या आदेशात हे माप आलं. त्याला आव्हान देणारी जनहित याचिका दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फेटाळली. आंतरराष्ट्रीय उड्डाणाला ही मुभा नाही; तिथे कृपाण चेक-इन सामानात द्यावी लागते. कोयत्याला तर विमानाच्या केबिनमध्ये कुठेच जागा नाही, तो सामानातच जातो.

परदेशातही हाच हिशेब वेगवेगळ्या मापानं केलेला दिसतो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये मुलतानी खटल्यात शाळेनं कृपाणीवर घातलेली सरसकट बंदी रद्द ठरवली. खटल्यातल्या शीख विद्यार्थ्यानं कृपाण कपड्यांच्या आत, शिवून बंद केलेल्या पिशवीत ठेवण्याची तयारी दाखवली होती. ब्रिटनमध्ये सार्वजनिक जागी पातं बाळगण्यावर निर्बंध घालणाऱ्या 1988 च्या कायद्यातच धार्मिक कारणाचा बचाव लिहिलेला आहे. त्याच कायद्यात कामासाठी हत्यार बाळगण्याचाही बचाव शेजारीच आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. श्रद्धा आणि मजुरी एकाच ओळीत बसवता येतात, हे तिथल्या कायदेमंडळानं दाखवून दिलं.

गैरसमज : कृपाणीची सवलत आयती मिळाली

1878 च्या ब्रिटिश शस्त्र कायद्यानं हिंदुस्थानी माणसाला निःशस्त्र केलं, त्यात कृपाणही आली. शिखांनी ती सोडली नाही, मागणी लावून धरली. 1914 मध्ये पंजाबपुरती आणि 1917 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानभर तिला सूट मिळाली. तरीही किती लांबीची कृपाण चालेल यावरून धरपकड होतच राहिली आणि 1920 नंतरच्या काळात लोक कृपाणीसाठी तुरुंगात गेले. 1950 च्या घटनेत तो एक शब्द आला तो या सगळ्यानंतर. ज्यांना ती ‘खास वागणूक’ वाटते त्यांनी हा इतिहास वाचावा. कर्नाटकातल्या कोडवा लोकांनाही पिढीजात बंदुकीसाठी परवान्यातून सूट आहे. केंद्रानं 2019 मध्ये ती 2029 पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयानं 2021 मध्ये उचलूनही धरली. समाजाचं आणि हत्याराचं नातं कायद्याला समजतं, पण ते कोणीतरी कागदावर आणावं लागतं.

आदिवासीच्या कोयत्याचं नाव मात्र कुठेच नाही. व्याख्येतल्या ‘शेतीच्या वापरासाठी’ या शब्दांच्या आडोशानं तो उभा आहे. नाक्यावर अडवलेल्या मजुरानं ही व्याख्या हवालदाराला समजावून सांगावी, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

गैरसमज : अनुसूचित क्षेत्रात बाहेरचा कायदा चालत नाही

चालतो. जव्हार आणि मोखाडा पाचव्या अनुसूचीत येतात, इथे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे, हे खरं. एखादा कायदा इथे लागू नाही किंवा बदल करून लागू आहे, असं राज्यपालांना अधिसूचना काढून ठरवता येतं. तशी अधिसूचना नसेल तोवर शस्त्र अधिनियम इथेही तोच.

गैरसमज : रान आपलं, तिथे कोयत्याला कोण अडवणार?

इथे मात्र जपून राहायला हवं. तानसा अभयारण्य शहापूर, वाडा आणि मोखाडा तालुक्यांत पसरलेलं आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या कलम 31 प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि या कायद्यातली ‘शस्त्रा’ची व्याख्या शस्त्र अधिनियमाहून बरीच रुंद आहे. तीत धनुष्यबाण, सापळे, जाळी आहेत आणि सुरेही आहेत. शेतीच्या अवजाराची सूट तिथे लिहिलेली नाही. म्हणजे जव्हारच्या बाजारात निर्धास्त फिरणारा कोयता काही कोसांवर अभयारण्याची हद्द ओलांडताच वादात सापडू शकतो. 2006 च्या वनहक्क कायद्यानं बांबूसह गौण वनउपजाचा हक्क मान्य केला आहे, पण बांबू नुसत्या हातानं तुटत नाही. हक्क द्यायचा आणि तो वापरायचं अवजार संशयाखाली ठेवायचं, ही विसंगती वनखात्यानं मिटवायला हवी. तोवर वनहक्काच्या दाव्याचे कागद जवळ ठेवलेले बरे.

गैरसमज : बंदी आदेश गुंडांसाठी असतो, शेतकऱ्याला लागू नसतो

कोयता जप्त होतो तो बऱ्याचदा याच अज्ञानातून. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37(1) खाली जिल्हादंडाधिकारी सणासुदीला, मोर्चा-आंदोलनांच्या काळात मनाई आदेश काढतात. मुदत बहुतेकदा पंधरवड्याची असते. या कलमात तलवारी, भाले, सुरे, काठ्या, लाठ्या आणि इजा करण्याजोगी ‘इतर कोणतीही वस्तू’ एवढं सगळं मावतं. शस्त्र अधिनियमात सुटलेली लाठीसुद्धा इथे अडकते, मग कोयत्याचं काय! आदेश मोडला तर कलम 135 खाली शिक्षा आहे. होळीनंतर गावोगाव बोहाडा रंगतो, संबळाच्या तालावर देवदैत्यांची सोंगं नाचतात. सोंगाच्या हातात लाकडी तलवार असेल तर ती खेळण्यातच मोडते, पण खरी असेल आणि आदेश चालू असेल, तर आयोजकांनी आधीच पोलीस ठाण्यातून लेखी परवानगी घ्यावी.

कोणी अडवलंच तर आवाज न चढवता तीन गोष्टी विचाराव्यात : आदेशाची तारीख काय, तो कोणत्या हद्दीसाठी आहे आणि त्यात कुणाला सूट दिली आहे. कोयता जप्त केला तर जप्तीचा पंचनामा व्हायला हवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रणही बंधनकारक आहे. प्रवासात कोयता कमरेला न लावता पातं गोणपाटात गुंडाळून, दोरी बांधून सामानाच्या तळाशी ठेवावा. तसं करायला कोणताही कायदा सांगत नाही, पण हा कोयता कामाचा आहे हे बांधलेल्या पात्याकडे पाहूनच कळतं आणि पुढची हुज्जत टळते.

राहिलं काम गावाचं आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचं. मनाई आदेशात कुणाला सूट द्यायची ते आदेश काढणारा अधिकारी लिहू शकतो. ‘शेती, वनउपज आणि मजुरीच्या कामासाठी नेलेला कोयता, विळा, कुऱ्हाड यांना हा आदेश लागू नाही’ एवढं एक वाक्य पालघर जिल्ह्याच्या प्रत्येक आदेशात यावं, असा ठराव जव्हार-मोखाड्यातल्या ग्रामसभांनी करावा आणि तो पुढच्या होळीआधी जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा.