परदेशात गाडी चालवायची? आधी घरचं लायसन्स काढून बघा

लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेला निघालेले लातूरचे आईवडील असोत, एमएससाठी जाणारा नांदेडचा मुलगा असो की आखातात नोकरी लागलेला उदगीरचा इलेक्ट्रिशियन, एक प्रश्न हमखास शेवटच्या आठवड्यात निघतो : ‘इंटरनॅशनल लायसन्स काढलं का?’ मग आरटीओत धावपळ होते. खरं तर हा परवाना काढणं अवघड नाही. अडतं ते त्याच्या आधी, आपल्या मूळ लायसन्सपाशी.

हा परवाना म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. आरटीओत त्याला आयडीपी म्हणतात, म्हणजे आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना. आपल्याकडे कोणत्या गाड्या चालवायचं लायसन्स आहे, हे परदेशातल्या पोलिसाला ओळखीच्या नमुन्यात सांगणारी ही छोटी पुस्तिका. तिचा आधार १९४९चा जिनिव्हा रस्ते वाहतूक करार, आणि भारत त्या करारात आहे. वेगळी ड्रायव्हिंग टेस्ट नसते. मुदत एक वर्ष. मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर पुस्तिकाही तेव्हाच संपते. लायसन्स सोबत नसेल तर नुसत्या पुस्तिकेला काही किंमत नाही.

तेव्हा पहिली पायरी : कपाटातलं लायसन्स बाहेर काढा. ते जुन्या पुस्तक पद्धतीचं असेल तर त्याची नोंद ‘सारथी’ या सरकारी संगणक प्रणालीत नसण्याची शक्यता मोठी. लायसन्स क्रमांक टाकला की ‘माहिती उपलब्ध नाही’ असं येतं आणि पुढचं सगळं थांबतं. अशा वेळी मूळ पुस्तक घेऊन ते जिथून मिळालं त्या आरटीओत जायचं आणि बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुन्या नोंदीची संगणकात भर, करून घ्यायची. लायसन्स पुण्यात शिकताना काढलेलं असेल तर तीही फेरी धरून चाला. आपली तयारी दीड-दोन महिने आधी सुरू व्हावी ती यासाठीच.

मग मुदत बघा. पंचावन्न वर्षांनंतर लायसन्सचं नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांसाठीच होतं, त्यामुळे नातवंडांकडे निघालेल्या आजोबांच्या कार्डावर अनेकदा काही महिनेच उरलेले असतात. मुदत संपण्याआधी एक वर्षापासून नूतनीकरण करता येतं. ते आधी उरकावं, नवं कार्ड हातात घ्यावं आणि मगच परवान्याचा अर्ज करावा.

सगळ्यात जास्त घोळ नावांचा. आपल्याकडे लायसन्सवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत. एवढ्यानं सहसा बिघडत नाही. बिघडतं ते ‘राव’मुळे. शाळेच्या दाखल्यावर विठ्ठल, लायसन्सवर विठ्ठलराव, आधारवर विठ्ठलराव पण इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. मराठवाड्यात हे घरोघरी आहे, आणि इथं त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. परदेशात गाडी भाड्यानं देणाऱ्या काउंटरवरच्या माणसाला मात्र ही दोन वेगळी माणसं वाटतात. लग्नानंतर पासपोर्ट सासरच्या नावानं आणि लायसन्स माहेरच्या नावानं, हा दुसरा नेहमीचा प्रकार. पासपोर्ट प्रमाण मानून लायसन्सवर नाव दुरुस्त करून घ्या. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रात नावबदल केला असल्यास ती प्रत लागू शकते.

आणखी एक रकाना लोक वाचत नाहीत, तो वाहनप्रकाराचा. लायसन्सवर फक्त चारचाकी असेल तर परवान्यातही फक्त चारचाकीच येणार. थायलंडला जाऊन भाड्याची स्कूटर घेणाऱ्यांनी हे आधीच पाहून ठेवावं. दुचाकीचा प्रकार नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि परक्या देशातलं दवाखान्याचं बिल आपल्या खिशातून जातं.

आता अर्ज. परिवहनच्या संकेतस्थळावर ‘सारथी’त महाराष्ट्र निवडा, लायसन्सच्या सेवांमध्ये आंतरराष्ट्रीय परवान्याचा पर्याय आहे. त्याचा अर्ज म्हणजे नमुना ४ अ. नियमातलं शुल्क १,००० रुपये. आधार पडताळणीनं घरबसल्या अर्ज करायची सोय आहे, पण आधारवरचं नाव जुळलं तरच. तसं नसेल तर कागद घेऊन कार्यालयात जावं लागतं, लातूरकरांनी एमएच २४ला, नांदेडकरांनी एमएच २६ला. लायसन्स आणि पासपोर्ट मूळ न्या, प्रती न्या, फोटो न्या. जानेवारी २०२१च्या दुरुस्तीनंतर अर्जाच्या वेळी व्हिसा आणि वैद्यकीय दाखला दाखवण्याची अट राहिलेली नाही. तरी व्हिसा, तिकीट हाताशी असेल तर प्रत फाइलमध्ये असू द्या. काउंटरवर नियम समजावत बसण्यापेक्षा कागद पुढे करणं सोपं.

ऑगस्ट २०२२पासून देशभर या परवान्याचा एकच नमुना आहे आणि त्यावरचा क्यूआर कोड मूळ लायसन्सशी जोडलेला असतो. पुस्तिका हातात पडल्यावर तिथंच उभं राहून नाव, जन्मतारीख आणि वाहनप्रकार पासपोर्ट आणि लायसन्सशेजारी धरून वाचा. हैदराबादच्या विमानतळावर चूक दिसून काही उपयोग नाही.

इंटरनेटवर ‘तीन वर्षांचं, दहा वर्षांचं इंटरनॅशनल लायसन्स’ विकणारे भेटतील. भारताचा परवाना एका वर्षाचाच असतो, एवढं लक्षात ठेवलं की असल्यांना ओळखता येतं.

एका वर्षाचा परवाना हातात आहे म्हणून सगळीकडे वर्षभर गाडी चालवता येईल असं मात्र नाही. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. जपानमध्ये नुसतं भारतीय लायसन्स चालत नाही, परवाना हवाच. ब्रिटनमध्ये उलट, भारतीय लायसन्सवरच १२ महिने कार चालवता येते. चीनच्या मुख्य भूमीवर हा परवाना मानतच नाहीत. अमिरातीत रहिवासी व्हिसा मिळाला की तिथलंच लायसन्स काढावं लागतं. अमेरिकेत तर राज्यागणिक हिशेब : कायम राहायला आलेल्यानं टेक्सासमध्ये ९० दिवसांत, कॅलिफोर्नियात १० दिवसांत तिथलं लायसन्स घ्यायचं असतं, पाहुण्याला वेगळा नियम. जावयानं कॅलिफोर्नियातून सांगितलेलं न्यू जर्सीच्या मुलाकडे लागू पडेलच असं नाही. त्या त्या राज्याच्या वाहन खात्याच्या संकेतस्थळावरच खात्री करा.

गाडी भाड्यानं घेताना मूळ कार्ड लागतं. मोबाइलमधलं डिजिलॉकर इथल्या चौकात चालतं, परदेशात ते धरून चालू नका. बहुतेक ठिकाणी क्रेडिट कार्डही गाडी घेणाऱ्याच्या नावाचं मागतात. मुलाची गाडी चालवणार असाल तर त्याच्या विम्यात आपलं नाव बसतं का, हे त्यानं विमा कंपनीला आधी विचारून ठेवावं. नकार आला तर मागच्या सीटवर बसणं बरं.

परदेशात असताना मुदत संपली तर २०२१पासून भारतीय दूतावासामार्फत अर्ज करता येतो. तो आपल्या आरटीओकडे येतो आणि नवा परवाना तिथल्या पत्त्यावर पाठवण्याची तरतूद आहे. पण इतका काळ राहिलेल्याला तिथल्या कायद्यानं स्थानिक लायसन्सच लागत असण्याची शक्यता असते, म्हणून दूतावासाकडे जाण्याआधी ते विचारून घ्या.