मैंदर्गीची भाकरी आणि अकलूजची वाइन

सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेयेकडे, अक्कलकोट तालुक्यांत, मैंदर्गी नांवाचें गांव आहे. गांव लहान असलें तरी तेथें नगरपालिका आहे, आणि कर्नाटकाची सीमा इतकी जवळ आहे कीं, मराठी व कानडी या दोन्ही भाषा तेथें सारख्याच सहजतेनें कानीं पडतात. याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, नीरेच्या खोऱ्यांत, अकलूज आहे. दोहोंमधील रस्ता दीडशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा. एका टोकाला जोंधळ्याची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. दुसऱ्या टोकाला युरोपांतून आणलेल्या द्राक्षवेली आणि त्यांच्या रसापासून होणारी वाइन. एकाच जिल्ह्याच्या मातीचीं हीं दोन अपत्यें. परंतु त्यांची परस्परांशीं नीटशी ओळख अद्याप झालेली नाहीं. ती व्हावी काय, झाल्यास कशी व्हावी, आणि न झाल्यास कोणाचें काय बिघडतें, याचा थोडा विचार आज आपण करूं.

प्रथम शब्दाविषयीं. आपल्याकडे ‘दारू’ या एकाच शब्दांत ताडीपासून व्हिस्कीपर्यंत सर्व कांहीं कोंबलें जातें, आणि त्यामुळें विचारांतहि गोंधळ होतो. द्राक्षाच्या रसांत यीस्ट नांवाचे सूक्ष्म जीव वाढूं लागले कीं ते रसांतील साखर खातात आणि तिच्यापासून मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायु तयार होतो. या आंबण्याच्या क्रियेंतून जें पेय सिद्ध होतें ती वाइन. तिच्यांत मद्यार्काचें प्रमाण बहुधा शेंकडा 12 ते 14 असतें. आंबलेला द्रव तापवून त्याची वाफ पुन्हां थंड करण्याची जी क्रिया ब्रँडी-व्हिस्कीला लागते, ती येथें नसते. आयुर्वेदांतील द्राक्षासवहि आंबवूनच तयार होतें. पण त्यांत धायटीचीं फुलें, गूळ किंवा साखर आणि मसाल्याचीं द्रव्यें पडतात, आणि तें औषध म्हणून मापानें घेतलें जातें. वाइन ही त्याची दूरची बहीण म्हणावी. मात्र तिची जागा औषधाच्या फडताळांत नसून जेवणाच्या ताटाशेजारीं आहे.

सोलापूरला द्राक्ष नवें नाहीं. उत्तर सोलापूर तालुक्यांतील नान्नज येथें नानासाहेब काळे यांनीं आपल्या बागेंतून निवडून काढलेली ‘सोनाका’ ही लांबट मण्यांची जात महाराष्ट्रांत दूरवर पसरली. ही जात ज्या ‘थॉमसन सीडलेस’च्या वंशांतील, त्या जातीला तिचें नांव मिळालें तें कॅलिफोर्नियांत. विल्यम थॉमसन नांवाच्या एका इंग्रज शेतकऱ्यानें 1870 नंतरच्या दशकांत तेथें ही बिनबियांची वेल लावली, आणि पुढें कॅलिफोर्नियाचा बेदाण्याचा व्यापार मुख्यतः तिच्यावर उभा राहिला. म्हणजे आज वाइनसाठीं जगभर गाजलेला तो प्रांत आणि आपला दुष्काळी सोलापूर यांचें नातें एका वेलीनें जोडलेलें आहे.

पण खाण्याचें द्राक्ष आणि वाइनचें द्राक्ष यांचे धर्म निराळे. खाण्याचा मणी मोठा, पातळ सालीचा व बिनबियांचा हवा. वाइनचा मणी लहान, जाड सालीचा, बहुधा बियांचा असतो. कारण तांबड्या वाइनचा रंग आणि तुरटपणा सालींतून व बियांतून येतो. तांबडी वाइन करतांना रस सालींसह आंबवितात. पांढरीसाठीं आधीं रस पिळून घेतात आणि तो कमी उष्णतेंत सावकाश आंबूं देतात. एका बाटलीला साधारण किलोभर किंवा थोडीं अधिक द्राक्षें लागतात.

युरोपांत हिवाळ्याच्या थंडीनें वेल झोंपी जाते आणि वसंतांत जागी होते. आपल्याकडे तिला अशी झोंप नाहीं. म्हणून माळ्याच्या कात्रीनें तिला ऋतु शिकवावा लागतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, तिच्यानें काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते, तिच्यानें घड धरतात. यामुळें फळाचा काळ पावसाळ्यांतून निसटतो, केवडा आणि भुरी या रोगांचें भय कमी होतें, आणि जानेवारी ते मार्च या कोरड्या दिवसांत, रात्रींच्या गारव्यांत, घड पिकतात. सोलापुरांत वर्षाला सरासरीनें 22 इंचांच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पाण्यावर उंसासारखें तहानलेलें पीक पोसणें म्हणजे उसनवारीचा संसार आहे. ठिबकानें पाणी दिलेल्या द्राक्षवेलीला त्या मानानें पुष्कळ कमी पाणी पुरतें.

अकलूज परिसरांतील मोटेवाडीचा मद्यप्रकल्प या जमिनीवर उभा राहिला. ‘फ्रातेली’ या नांवानें तो ओळखला जातो. इटालियन भाषेंत या शब्दाचा अर्थ ‘भाऊ’ असा आहे. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची, अशा तीन घराण्यांतील बंधूंनीं 2007 च्या सुमारास हा उद्योग सुरूं केला, आणि तोस्कानी प्रांतांतील जाणकार पिएरो मासी यांनीं त्याची वाइन घडविली. तोस्कानीची सांजोव्हेझे ही तांबडी जात त्यामुळें सोलापूरच्या उन्हांत वाढूं लागली. पाहुण्यांना द्राक्षबागेंत हिंडण्याची, वाइन चाखण्याची आणि राहण्याची सोयहि तेथें करण्यांत आली.

येथपर्यंत सर्व ठीक. परंतु एखादा प्रदेश केवळ वाइन काढूं लागल्यानें वाइनचा प्रदेश होत नाहीं. त्याची वाइन त्याच्या स्वतःच्या जेवणाशीं जुळली पाहिजे. हा केवळ रसिकतेचा मुद्दा नव्हे. शेतकऱ्याच्या पोटाचा मुद्दा आहे. दोन उदाहरणांवरून तें ध्यानांत येईल.

अमेरिकेंत 1920 ते 1933 या काळांत दारूबंदी होती. कॅलिफोर्नियांतील शेंकडों मद्यशाळा बंद पडल्या. पण आश्चर्य असें कीं, द्राक्षबागा बुडाल्या नाहींत. कायद्यांतील एका सवलतीमुळें प्रत्येक कुटुंबाला घरगुती उपयोगासाठीं वर्षाला 200 गॅलनपर्यंत फळांचा रस करतां येत असे, आणि इटलीहून आलेल्या कुटुंबांच्या जेवणांत वाइन ही मिठाइतकी नेहमींची. आगगाडीचे डबे भरभरून द्राक्षें पूर्वेकडील शहरांत जाऊं लागलीं. मात्र नाजूक, उंची जाती प्रवासांत टिकत नसत; म्हणून त्यांच्या जागीं आलिकांत बुशे नांवाची जाड सालीची जात जागोजाग लावण्यांत आली. घरच्या ताटानें बागा वांचविल्या, पण पारख गेली. ती परत मिळविण्यास चार दशकें लागलीं. 24 मे 1976 रोजीं पॅरिस येथें फ्रेंच परीक्षकांनीं नांवें झांकून वाइनी चाखल्या, तेव्हां तांबड्या आणि पांढऱ्या या दोन्ही प्रकारांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्याला मिळाला.

दुसरें उदाहरण घरचें. महाराष्ट्र सरकारनें 2001 मध्यें द्राक्षप्रक्रियेला उत्तेजन देणारें धोरण जाहीर केल्यावर नाशिककडे मद्यशाळा भराभर निघाल्या आणि शेतकऱ्यांनीं वाइनच्या जाती लावल्या. 2008 मध्यें जगभर मंदी आली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला झाला. हॉटेलें ओस पडलीं. टाक्या भरलेल्या राहिल्या, द्राक्षाला गिऱ्हाईक उरलें नाहीं, आणि पुढील एकदोन वर्षांत अनेकांनीं वाइनच्या वेली उपटून टाकल्या. खाण्याचीं द्राक्षें न खपलीं तर त्यांचा बेदाणा तरी होतो. वाइनचीं बियाळ, जाड सालीचीं द्राक्षें बाजारांत कोणी हातीं धरीत नाहीं. ज्या मालाचें सारें गिऱ्हाईक दूरच्या शहरांतील हॉटेलांत बसलें आहे, त्याचा शेतकरी त्या हॉटेलाच्या दिव्यांबरोबर उजळतो आणि विझतो.

आतां ताटाकडे वळूं. कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन, याचे नियम परक्या पुस्तकांत पुष्कळ आहेत. पण त्यांतील पदार्थ आपले नाहींत. नियमांमागचीं कारणें मात्र सर्वत्र तींच. तांबड्या वाइनमधील तुरट द्रव्य स्निग्ध आणि मांसल पदार्थांबरोबर मऊ लागतें. मिरचीच्या तिखटाला मद्यार्क अधिक भडकवितो. गारवा आणि किंचित् गोडी त्याला शांत करतात. आंबट पदार्थासमोर वाइनहि तितकीच आंबटसर हवी, नाहीं तर ती बेचव लागते.

या कसोट्या सोलापुरी ताटाला लावून पाहाव्यात. कडक भाकरी ही कोरडी, सौम्य आणि दिवसेंदिवस टिकणारी. तिचें कोणाशींच वैर नाहीं. शेंगांच्या चटणींत भुईमूग, लसूण आणि लाल मिरची कुटून तेल सुटेपर्यंत एकजीव केलेली असते. येथें तांबडी वाइन घेतली तर तिखट आणि तुरट यांचें भांडण जुंपतें. थंड केलेली, किंचित् गोडसर शेनें ब्लाँ ही पांढरी वाइन त्या चटणीला सांवरून घेते. एण्णगाई, म्हणजे शेंगा-तिळांचें कूट आणि चिंच भरून तेलावर परतलेलीं वांगीं, हा सीमाभागाचा खास पदार्थ. त्यांतील तेल तुरटपणाला बोथट करतें आणि चिंचेचा आंबटपणा सांजोव्हेझेच्या अंगच्या आंबटपणाशीं जुळतो. फार तिखट नसलेल्या मटणाच्या रश्श्याबरोबर शिराझ शोभते. शेंगापोळीसारख्या गोड पदार्थाबरोबर मात्र कोरडी वाइन नकोच. ती आंबट लागेल आणि पोळीचाहि अपमान होईल.

सर्वांत सुरेख योग निसर्गानेंच जुळविला आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. त्या काळ्या जमिनींतील जोंधळा हुरड्याला येतो तो डिसेंबर-जानेवारींत, आणि द्राक्षाची तोडणीहि त्याच सुमारास सुरूं होते. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेलीं, हातावर चोळलेलीं तीं कोंवळीं हिरवीं दाणीं, लसणाची चटणी, दहीं, आणि सोबत सोव्हिन्याँ ब्लाँचा लहान पेला: या वाइनला ओल्या हिरव्या पाल्याचा जो वास असतो, त्याचें खरें सोयरें हुरडाच आहे. असें सोयरें फ्रान्सच्या ताटांत नाहीं.

एक व्यावहारिक सूचना. तांबडी वाइन ‘खोलीच्या उष्णतेला’ द्यावी, असें युरोपीय पुस्तकें सांगतात. पण ती खोली युरोपांतील. सोलापुरांत मे महिन्यांत पारा 40 अंशांपलीकडे जातो. म्हणून तांबडी बाटलीहि अर्धा तास शीतकपाटांत ठेवावी आणि 16 ते 18 अंशांवर उघडावी. पांढरी 8 ते 10 अंशांवर.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो डावलण्याजोगा नाहीं. मद्यानें उद्ध्वस्त झालेलीं घरें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा याच अनुभवांतून आला. जानेवारी 2022 मध्यें राज्य मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास अनुमति देण्याचें ठरविलें, तेव्हां शेतकऱ्याच्या हिताचें कारण पुढें केलें होतें. तरी तीव्र विरोध झाला. जागतिक आरोग्य संघटनेनें 2023 मध्यें स्पष्ट सांगितलें कीं, मद्याचें पूर्णपणें निर्धोक असें कोणतेंच प्रमाण नाहीं. तेव्हां वाइन आरोग्याला हितकर म्हणून प्यावी, हा युक्तिवाद सोडून द्यावा. मैंदर्गीसारख्या गांवांत अनेक घरांत मद्य वर्ज्य आहे. त्या घरांनीं तें वर्ज्यच ठेवावें. द्राक्ष, बेदाणा आणि ताजा रस यांनीं त्यांचें ताट अपुरें राहत नाहीं.

जे घेतातच, त्यांच्यासाठीं मात्र शिस्त सांगतां येते. वाइन जेवणाबरोबर, जेवणापुरती, शेजारीं पाण्याचें भांडें ठेवून घ्यावी. उपाशीपोटीं नव्हे, लपून नव्हे, आणि नंतर गाडी हांकावयाची असेल तर मुळींच नव्हे. मुलें, गर्भवती स्त्रिया आणि ज्यांना व्यसनाचें भय आहे ते, यांच्यापासून ती दूरच असावी. जो पदार्थ भाकरीच्या सोबतीनें येतो त्याला भाकरीची मर्यादा पाळावी लागते. जो एकटा येतो त्याला मर्यादा उरत नाहीं.

नाशिकला, अकलूजला किंवा इतरत्र द्राक्षबाग पाहण्यास जाल, तेव्हां तेथील भोजनगृहांत परदेशी चीज आणि पावाची थाळी पुढें येण्याचा संभव आहे. ती जरूर चाखावी. पण मग विचारावें, ‘येथली भाकरी आणि चटणी मिळेल काय?’ हा प्रश्न पुष्कळांनीं विचारला, तर वाइन करणारा आपल्या वाइनची परीक्षा आपल्याच ताटावर घेऊं लागेल, आणि वेल लावणाऱ्याला जवळचें, जाणतें गिऱ्हाईक मिळेल. मग अकलूजचा पेला मैंदर्गीच्या भाकरीला परका राहणार नाहीं. आणि सोलापूरच्या वाइनला कसा स्वाद असावा, हें ठरविण्याचा मान पॅरिसच्या परीक्षकाइतकाच शेंगांची चटणी कुटणाऱ्या गृहिणीलाहि मिळेल.