पाचारण: ऐकीव गोष्टी आणि घडलेल्या गोष्टी

मुरगुडात आणि वेदगंगेच्या काठच्या गावांत आजार हाताबाहेर गेला की जुनी माणसं एकच सांगायची, "मिरजेला न्या." कोणत्या दवाखान्यात, ते सांगावं लागत नसे. मिरज म्हणजे मिशनचा दवाखाना. १८८९ साली विल्यम वॉनलेस नावाचा कॅनडात जन्मलेला तरुण डॉक्टर सांगलीला आला, १८९४ साली मिरजेत त्याचं हॉस्पिटल उभं राहिलं आणि जवळजवळ चाळीस वर्षं तो इथंच राबला. आमच्या भागातल्या किती घरांत त्या दवाखान्यातून जिवंत परतलेलं माणूस आहे, याची मोजदाद नाही.

आणि तरीही आमच्या मंडळीतल्या एका मुलीनं नर्सिंग पूर्ण झाल्यावर "मला पाचारण आहे, मी नंदुरबारकडं आदिवासी भागात मिशनच्या कामाला जाणार" असं घरी सांगितलं, तेव्हा घरात कुणी वारल्यासारखी शांतता पसरली. मग आठवडाभर आत्या, मामा, शेजारी, मंडळीतली वडीलधारी माणसं येऊन बोलून गेली. त्यांची माया खोटी नव्हती. पण त्यांनी सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी ऐकीव होत्या. घडलेल्या गोष्टी आपल्याच मुलखात, आपल्याच भाषेत पडून आहेत. त्या तिच्या हाती असाव्यात म्हणून हे लिहितो आहे.

"देव बोलला म्हणजे काय, आवाज आला का तुला?"

हा प्रश्न आत्याचा. पाचारण म्हणजे आकाशवाणी, असं ख्रिस्ती माणसंही धरून चालतात. ज्यांना असा आवाज ऐकू येत नाही, ती बिचारी आयुष्यभर वाट पाहत बसतात.

नारायण वामन टिळकांचं बघा. १८९३च्या सुमारास रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी गप्पा झाल्या आणि उतरताना त्यानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला. टिळकांनी तो वाचायला घेतला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. मग वाचन, पत्रव्यवहार, स्वतःशी वाद, घरच्यांची धास्ती, असं चालत राहिलं आणि १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. एका पुस्तकाशी माणूस दीड-दोन वर्षं झगडत होता. त्याला कुणी आवाज म्हणावं, कुणी ओढ म्हणावं.

दुसरं उदाहरण तर कोल्हापूरचंच आहे. रॉबर्ट वाइल्डर १८६३ साली कोल्हापुरात जन्मला. वडील रॉयल गूल्ड वाइल्डर तिथले पहिले अमेरिकन मिशनरी. कुटुंब अमेरिकेला परतल्यावर प्रिन्स्टनच्या घरात रॉबर्ट आणि त्याची बहीण ग्रेस बरोबर बसून प्रार्थना करायची: विद्यार्थ्यांनी मिशनच्या कामाला पुढं यावं म्हणून. १८८६च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथल्या शिबिरात शंभर तरुणांनी आपली नावं दिली आणि त्यातून स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट उभी राहिली. पुढच्या काही दशकांत हजारो माणसं त्या चळवळीतून जगभर गेली. त्या प्रार्थनेचं मूळ कोल्हापुरातल्या बालपणात होतं, असं मला मनापासून वाटतं. आईबापांना लोकांसाठी झिजताना ज्या मुलांनी पाहिलं, त्यांना वेगळा आवाज कशाला लागतो?

आमच्या या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "वॉर्डात रात्रपाळीला असताना तेच तेच मनात यायचं. दोन वर्षं झाली, जात नाही." मला हे उत्तर पुरेसं वाटतं. मंडळीनं मात्र ते तपासून घ्यावं. पाळकांनी, वडीलधाऱ्यांनी तिच्याशी बसून बोलावं, गरज पडली तर "अजून एक वर्ष थांब" असंही सांगावं. मंडळीनं न पारखलेलं पाचारण फार लवकर विटतं.

"हे गोऱ्यांचं काम. आपल्याला कुठलं झेपायला?"

हे मामांचं. गोरे साहेब केव्हाच गेले. १९०३ साली तिरुनेलवेलीत इंडियन मिशनरी सोसायटी निघाली. ती उभी करण्यात पुढाकार असलेले व्ही. एस. अझरया पुढं, १९१२ साली, अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. १९०५ साली सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली. या संस्था भारतीयांच्या, पैसे भारतीयांचे आणि माणसंही भारतीयच. आज देशात मिशनच्या कामात असलेली बहुतेक माणसं इथलीच आहेत. नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला ख्रिस्ती हॉस्पिटल आहे, तेही आज भारतीय संस्थाच चालवते.

"पैसा असणार त्यात. उगाच कोण जातंय?"

हे शेजारचे बोलले आणि तिला सगळ्यात जास्त तेच लागलं. पुण्यामुंबईच्या खासगी हॉस्पिटलात, नाहीतर आखातात नर्सला काय मिळतं हे तिला पक्कं ठाऊक आहे. त्यासमोर खेड्यातल्या मिशन दवाखान्याचा पगार काय असणार!

टिळकांकडं पुन्हा यावं लागतं. १९१७ साली त्यांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला, पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' हे ख्रिस्तभक्तांचं मंडळ सुरू केलं. वय पन्नाशीच्या पुढं, प्रकृती तोळामासा, घरखर्च डोक्यावर. परक्या पैशावर पोसलेला धर्म इथल्या मातीत रुजणार नाही, ही त्यांची खंत होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, मे १९१९मध्ये, ते गेले.

ख्रिस्ती झालं की सवलती मिळतात, हाही असाच समज. कायदा बरोबर उलटा आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. दलित माणूस ख्रिस्ती झाला की त्या आरक्षणाला मुकतो. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शंभरात एकही भरत नव्हते, सुमारे १० लाख ८० हजार. पैशाच्या जोरावर हे चाललं असतं, तर दोनशे वर्षांत आकडा असा दिसला नसता.

"दवाखाना हे निमित्त. खरं काम धर्म बदलण्याचं."

हे म्हणणाऱ्याला मी एका वाक्यात उडवून लावणार नाही. या संशयाला इतिहास आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ला मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढलं, पुढं ते पुण्याला नेलं. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू, असं म्हटलं होतं. पण मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसू लागल्या, गावात बोभाटा झाला आणि १८९३ साली रानडे आणि भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी कुणावर बळजबरी केली, असं मला वाटत नाही. आपली प्रार्थना दार लावून करायला त्या तयार नव्हत्या, एवढंच. पण आश्रयाला आलेल्या माणसाचं आणि आश्रय देणाऱ्याचं नातं बरोबरीचं नसतं, हे त्या वादानं शिकवलं. खाटेवर पडलेल्या रुग्णाचंही तसंच असतं.

कायदा इथं स्पष्ट आहे. संविधानाचा अनुच्छेद २५ धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचाही हक्क देतो. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. बळ, फसवणूक, आमिष याला तिथं जागा नाही.

मी मुलीला एवढंच म्हटलं: ज्याच्या हातात तू सलाईन लावली आहेस, त्याच्याकडून बदल्यात काहीही मागायचं नाही, होकारसुद्धा नाही. त्यानं विचारलं, "ताई, तुम्ही हे का करता?" तर खरं ते सांगायचं, लपवायचं नाही. मिरजेचा दवाखाना आमच्या लोकांच्या मनात बसला, कारण तिथं जात आणि धर्म विचारून टाके घालत नसत. आमचं मुरगूड कागल जहागिरीतलं. त्याच कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक गेलेले शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर होते. त्यांचे आणि वॉनलेस यांचे संबंध जिव्हाळ्याचे होते. वॉनलेस यांच्या पत्नीच्या नावाचं मेरी वॉनलेस हॉस्पिटल कोल्हापुरात आहे. धर्माच्या नावानं चालणाऱ्या लबाडीवर शाहू महाराजांची नजर किती तिखट होती, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही.

"देवानं बोलावलंय ना, मग तोच सांभाळेल."

हे बोलणारी माणसं आमच्याच मंडळीतली, तिच्या बाजूनं उभी राहणारी. मला सगळ्यात भीती याच वाक्याची वाटते. इतर गैरसमजांनी माणूस जायचा थांबतो. यानं तो बिनतयारीचा जातो.

घडलेलं असं आहे. ज्या पहिल्या अमेरिकन तुकडीतली माणसं पुढं मराठी मुलखात कामाला आली, तिच्यातली हॅरिएट न्यूएल मुंबईला पोहोचलीच नाही. १८१२ साली मॉरिशसमध्ये वारली, वय १९. तिचा नवरा सॅम्युएल १८२१ साली मुंबईत पटकीनं गेला. गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरला, तेव्हा कंपनी सरकार त्याला परत धाडायच्या तयारीत होतं. तो चिकाटीनं राहिला, मराठी शिकला आणि १८२६च्या मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनंच मेला. जवळची बरीचशी औषधं त्यानं आधीच आजारी माणसांना वाटून टाकली होती. या माणसांची श्रद्धा कमी नव्हती.

सगळी संकटं बाहेरूनच येतात असंही नाही. थोरले वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. शाळा हव्यात, शिकवणं हवं, या मताचे. त्यांना पाठवणाऱ्या बोर्डाचा भर निराळ्या धोरणावर होता. मतभेद विकोपाला गेले आणि बोर्डाशी संबंध तुटला. दुसरा कुणी असता तर अमेरिकेतच राहिला असता. हे १८६१ साली स्वतःच्या हिमतीवर कोल्हापूरला परत आले आणि १८७० साली प्रेस्बिटेरियन बोर्डानं हे काम हाती घेईपर्यंत तसेच रेटत राहिले. आपल्याच माणसांशी भांडण होणं हे मिशनच्या कामातलं जुनं दुखणं आहे. निघणाऱ्याला ते कुणी सांगत नाही.

घरच्यांचं काय होतं, तेही कुणी सांगत नाही. ते सांगितलं लक्ष्मीबाई टिळकांनी. नवऱ्याला पाचारण झालं, बायकोला नाही. नवरा ख्रिस्ती झाला आणि ही बाई लहान मुलाला घेऊन चार-पाच वर्षं नातेवाइकांकडं राहिली. सोवळंओवळं, लोकांची बोलणी, नवऱ्यावरचा राग आणि नवऱ्यावरची माया, सगळं एकाच वेळी. मग ती त्यांच्याकडं गेली, आपल्या पायांनी आणि आपल्या वेगानं. शिवाशिवीचं ओझं तिनं स्वतः विचार करून उतरवलं आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. टिळकांमागं त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' तिनंच पुरं केलं. 'स्मृतिचित्रे' हे मराठीतलं थोर पुस्तक आहे, हे सगळेच म्हणतात. मला ते मिशनच्या कामाला निघणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत हवं. एकाच्या पाचारणाची किंमत दुसरा कसा मोजतो, हे इतक्या खरेपणानं दुसरीकडं कुठं वाचायला मिळत नाही.

म्हणून देव सांभाळेल म्हणणाऱ्या मंडळीला मी विचारलं, आपण काय सांभाळणार? तिच्या विम्याचा हप्ता कोण भरेल? शिक्षणाचं कर्ज अजून फिटायचंय, ते? वर्षातून दोनदा घरी यायचं भाडं? तिथं मन खचलं आणि परत यावंसं वाटलं, तर तिला कुणी "पळून आली" म्हणणार नाही, याची हमी कोण घेतो? सभेत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एका निवृत्त शिक्षिकेनं वही मागवली आणि पहिलं नाव स्वतःचं लिहिलं.

"आपली भाषा, आपली रीत सोडावी लागणार."

याचं उत्तर चारशे वर्षांपूर्वीचं आहे. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचं 'क्रिस्तपुराण' छापून झालं, सुमारे ११ हजार मराठी ओव्यांचं. येशूची कथा सांगायला त्यांनी ओवी निवडली, कारण लोकांच्या कानाला तीच ओळखीची होती. टिळकांनी भजनाचा आणि कीर्तनाचा आधार घेतला. रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक समोर ठेवून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणलं. आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहिलं आणि २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. या साऱ्यांच्या सेवेचा मोठा भाग भाषा शिकण्यातच गेला आहे.

परवा मुलीच्या वडिलांनी भिंतीवर नकाशा लावला. ऊस लावणारा माणूस, कोल्हापूर-निपाणीपलीकडं फारसा गेलेला नाही. सुरत-भुसावळ लोहमार्गावर बोट ठेवून त्यांनी चिंचपाडा शोधलं. "तिथं मराठी चालती का?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "शाळेत चालते, आबा. घरात बायका मावची बोलतात." तिनं एका ओळखीच्या नर्सकडून फोनवर शब्द घेऊन वहीत उतरवलेत: दुखणं, ताप, पाणी, बाळ, कधीपासून. तीसेक झाले आहेत. आबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि वही आपल्याकडं ओढून म्हणाले, "बघू, पहिला कुठला?"